बाळहिरडा: कोवळ्या फळातील औषध आणि बियांचे भवितव्य

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, घाटघरपासून आहुपे-भीमाशंकरपर्यंतच्या डोंगरात, ऐन, अर्जुन आणि बेहडा यांच्याच प्रजातीतील हिरड्याचे झाड (टर्मिनॅलिया चेब्युला) विपुल आढळते. आठळी, म्हणजे बीभोवतीचे कठीण कवच, धरण्यापूर्वीच उतरवून उन्हात वाळवलेले त्याचे कोवळे फळ काळे पडते व सुरकुतते; हाच बाजारातला बाळहिरडा होय. पूर्ण पिकलेल्या मोठ्या फळाला सुरवारी हिरडा म्हणतात आणि त्याची आठळी काढून उरलेली साल औषधात वापरतात.

हिरड्याचा तुरटपणा टॅनिन या वर्गातील द्रव्यांमुळे येतो. चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक आम्ले ही त्यांपैकी प्रमुख असून, टॅनिने प्रथिनांशी बांधली जाऊन ऊती आकसवतात. म्हणूनच तोंड आल्यावर किंवा घसा सुजल्यावर हिरड्याच्या काढ्याच्या गुळण्या करण्याची प्रथा आहे, तर कातडी कमावण्यातही हाच गुण उपयोगी पडतो. आयुर्वेदात हिरडा सौम्य रेचक मानला असून, बेहडा आणि आवळा यांच्यासह तो त्रिफळा चूर्णाचा घटक आहे. त्याचा अर्क दात किडवणाऱ्या जीवाणूंची वाढ रोखतो असे प्रयोगशाळेत दिसले असले, तरी तेवढ्यावरून तो रोग बरा करतो असे सिद्ध होत नाही. गर्भवतींनी तो टाळावा असे आयुर्वेदीय ग्रंथही सांगतात, आणि बाळगुटीत तो सहाणेवर उगाळून देण्याचा रिवाज असला, तरी पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, हाच आजच्या वैद्यकाचा सल्ला आहे.

या भागातील महादेव कोळी कुटुंबांना उन्हाळ्यात बाळहिरड्यातून रोख उत्पन्न मिळते. त्यामुळे ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात झालेले हिरड्याचे नुकसान त्यांच्या वर्षभराच्या खर्चावर आघात करणारे ठरले. मात्र झाडावरची सगळीच फळे कोवळी असताना उतरवली, तर बी तयार होत नाही, आणि तयार झालेले बीही कठीण आठळीमुळे सहजासहजी रुजत नाही. म्हणून प्रत्येक झाडावर काही फळे पिकू द्यावीत, फळांसाठी फांद्या तोडू नयेत, गावोगावी रोपवाटिका उभाराव्यात आणि हिरडा वेचणाऱ्यांना रास्त भावाची हमी द्यावी. औषध आणि उपजीविका या दोन्हींचे रक्षण त्यातूनच होईल.