खेळणाऱ्यांचे मत

मधल्या सुट्टीत शाळेच्या ओट्यावर आठवीतील दोन मुले बोलत बसली होती.

"तो खेळ अगदी भंगार आहे. मुळीच घेऊ नकोस," पहिला म्हणाला.

"का रे? तू खेळलास का?" दुसऱ्याने विचारले.

"मी नाही खेळलो. माझा मामेभाऊ म्हणतो."

"मग तो तरी खेळला का?"

"नाही. त्याने जाहिरात पाहिली."

यावर दोघेही हसले. पण दुसऱ्या मुलाच्या मनातला प्रश्न तसाच राहिला. दोन वर्षांची ईदी साठवून त्याने पैसे जमवले होते. ते एका खेळावर खर्च करावेत की करू नयेत, हे त्याला ठरवायचे होते. त्यासाठी कोणाचे मत ऐकावे?

मुलांनो, असे बोलणे जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथे कोठेही ऐकू येते. ही चर्चा कबड्डीची किंवा क्रिकेटची नसते. ती असते दूरदर्शन संचाला जोडून खेळायच्या व्हिडिओ खेळांची. हे खेळ ज्या यंत्रावर चालतात त्याला 'कन्सोल' म्हणतात. या खेळांविषयी खेळणारे काय बोलतात, त्यांच्या बोलण्याने काय घडते आणि कोणाचे मत किती मानावे, हे या पाठात पाहू.

आधी थोडे जुन्या काळाकडे वळू या. तुमच्या वडिलांना किंवा काकांना विचारा. १९९० नंतरच्या काळात पुष्कळ घरांत व्हिडिओ खेळाचे साधे यंत्र असे. त्यात प्लॅस्टिकची जाड कॅसेट बसवायची. ती चालली नाही तर बाहेर काढून तिच्यावर फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची! मारिओ आणि कॉन्ट्रा हे खेळ त्या काळी मुलांच्या तोंडी होते. त्या कॅसेटमधला खेळ कारखान्यातून जसा निघाला तसाच कायम राहत असे. त्यात एखादी चूक राहिली असेल तर ती दहा वर्षांनंतरही तशीच दिसे. खेळणाऱ्याने कितीही तक्रार केली तरी त्याच्या हातातली कॅसेट बदलत नसे.

आजचे कन्सोल मात्र इंटरनेटला जोडलेले असते. खेळ विकून झाल्यानंतरही कंपनी त्यात दुरुस्ती करून पाठवू शकते. या दुरुस्तीला 'अपडेट' म्हणतात. अपडेट दोन प्रकारचे असतात. पहिला खेळाचा अपडेट. त्यामुळे एकाच खेळात सुधारणा होते. दुसरा यंत्राचा अपडेट. त्यामुळे कन्सोलची स्वतःची कामाची पद्धत बदलते, म्हणजे त्यावर चालणाऱ्या सर्वच खेळांवर परिणाम होऊ शकतो.

हे समजण्यासाठी आपल्याच तालुक्यातील एक उदाहरण घेऊ. खोडद येथील मोठी रेडिओ दुर्बीण तुम्ही पाहिली असेल. तिच्या एकूण ३० तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. या दुर्बिणीचे आधुनिकीकरण झाले तेव्हा तबकड्या त्याच राहिल्या. आकाशातून येणाऱ्या लहरी टिपणारी आणि त्यांचा हिशेब करणारी यंत्रणा मात्र नवी बसवली. बाहेरून रूप तेच, पण आतली शक्ती वाढलेली. कन्सोलच्या अपडेटमध्ये तर एक स्क्रूही बदलावा लागत नाही. यंत्राला दिलेल्या सूचना तेवढ्या बदलतात.

येथे एक सावधगिरीची गोष्ट लक्षात ठेवा. यंत्राचा अपडेट चालू असताना वीज गेली तर यंत्र बिघडू शकते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून ढग दाटून आले असताना किंवा वीज जाण्याच्या वेळेला हे काम सुरू करू नये.

आता खेळणाऱ्यांच्या मताकडे येऊ. त्यांच्या बोलण्याने मोठ्या कंपनीचा निर्णय बदलतो का? होय, बदलतो. २०१३ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'एक्सबॉक्स वन' हे नवे कन्सोल आणण्याचे जाहीर केले. त्याच्या नियमांप्रमाणे दर २४ तासांत एकदा तरी ते इंटरनेटला जोडावे लागणार होते. तसे केले नाही तर डिस्कवरचा खेळही चालणार नव्हता. शिवाय विकत घेतलेली डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधने येणार होती. लगेच जगभरातील खेळणाऱ्यांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, "ज्यांच्याकडे इंटरनेट नीट चालत नाही त्यांनी काय करायचे? आमच्या पैशांची डिस्क आम्ही मित्राला का देऊ नये?"

विचार करा, डिंभे धरणाच्या वर, भीमाशंकरच्या बाजूला डोंगरात अनेक वाड्या आहेत. तेथे मोबाइलची रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर चढावे लागते. अशा घरात हे यंत्र एका दिवसातच मुके झाले असते! जगातील खेळणाऱ्यांचा आक्षेप आपल्याही उपयोगाचा होता तो असा.

१९ जून २०१३ रोजी कंपनीने हे नियम मागे घेतले. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला कन्सोल विक्रीला आले. सुरुवातीला एकदा इंटरनेट जोडून अपडेट घ्यायचा, मग डिस्कवरचे खेळ इंटरनेटशिवाय खेळायचे आणि डिस्क मित्रालाही द्यायची, अशी सोय झाली. मात्र जुन्या योजनेत काही फायदेही होते. डिस्क आत न घालता खेळण्याची सोय त्यांपैकी एक. नियमांबरोबर तीही गेली. म्हणजे मागणी करताना आपण काय मिळवतो आणि काय सोडतो, दोन्हींचा विचार हवा.

प्रत्येक अपडेट फायद्याचाच असतो असेही नाही. सोनी कंपनीच्या 'प्लेस्टेशन ३' या कन्सोलवर दुसरी संगणक प्रणाली बसवून त्याचा संगणकासारखा वापर करता येत असे. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने ती सोय काढून टाकली. अपडेट घेतला नाही तर इंटरनेटवरून इतरांशी खेळता येत नसे. घेतला तर विकत घेतलेली सोय जाई. अमेरिकेत हे प्रकरण न्यायालयात गेले आणि पुढे त्यात तडजोड झाली. म्हणून अपडेट घेण्यापूर्वी त्यात काय मिळते आणि काय जाते, हे वाचावे.

तुम्ही म्हणाल, "या साऱ्या परदेशातील गोष्टी झाल्या." नाही, मुलांनो. नारायणगावहून एसटीत बसून आपण ज्या पुण्याला जातो, त्याच पुण्यात कन्सोलचे खेळ तयार झाले आहेत. त्यांपैकी दोन खेळांची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा खेळ २००३ साली आला आणि खूप गाजला. त्यातील राजपुत्राजवळ एक जादूचा खंजीर असतो. त्या खंजिराने गेलेली वेळ मागे फिरवता येते. हा खेळ नव्या रूपात तयार करण्याचे काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील शाखांकडे आले. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची पहिली चित्रफीत दाखवण्यात आली. खेळ जानेवारी २०२१ मध्ये येईल असेही जाहीर झाले.

चित्रफीत पाहून अनेकांची निराशा झाली. कोणी म्हणाले, "चेहरे जिवंत वाटत नाहीत." कोणी म्हणाले, "हा खेळ आजचा नव्हे, जुन्या कन्सोलवरचा दिसतो." ही मते कठोर होती, पण नेमकी होती. ती वाचून चित्रकाराला कोठे काम करायचे ते कळते. काहींनी मात्र नुसती टिंगल केली. टिंगलीतून हसू मिळते, दुरुस्तीची दिशा मिळत नाही. पुढे खेळाची तारीख आधी मार्च २०२१ वर गेली, मग बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये हे काम कॅनडातील माँट्रियल शाखेकडे सोपवण्यात आले. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने हा खेळ रद्द केला. कितीतरी कलाकारांची वर्षांची मेहनत लोकांपर्यंत पोहोचलीच नाही. राजपुत्राजवळ वेळ मागे फिरवणारा खंजीर होता, खेळ बनवणाऱ्यांजवळ तो नसतो. म्हणून काम करणाऱ्याने पहिल्या दर्शनाची काळजी घ्यावी आणि पाहणाऱ्याने शब्दांची.

दुसरा खेळ 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. तो पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने तयार केला. राजी नावाची मुलगी आपल्या हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते, अशी त्याची कथा आहे. २०१७ साली या संस्थेने लोकांकडून वर्गणी मागितली. पुरेशी रक्कम जमली नाही, तरी त्यांनी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये हा खेळ 'निन्टेन्डो स्विच' या कन्सोलवर आला आणि नंतर इतर कन्सोलवरही आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या पुरस्कारांत नव्या निर्मात्यांच्या पहिल्या खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले.

खेळणाऱ्यांनी त्याच्यातील राजवाडे, भिंतींवरची चित्रे आणि संगीत यांची स्तुती केली. त्याचबरोबर उणिवाही सांगितल्या. लढाईत राजीच्या हालचाली अडखळतात, खेळ लहान आहे आणि गोष्ट अचानक संपते, अशा त्या तक्रारी होत्या. २०२२ साली या खेळाची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लढाई आणि दृश्ये सुधारली होती आणि हिंदी आवाजही होता. स्तुती आणि तक्रार एकाच माणसाच्या तोंडून आली, तर ती खोटी वाटत नाही. हे या उदाहरणातून शिकावे.

मत कायमचे पक्के नसते, हेही लक्षात घ्या. पोलंडमधील एका कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये आला. तो प्रौढांसाठी आहे, मुलांसाठी नाही. येथे फक्त त्याची हकिकत पाहू. जुन्या कन्सोलवर तो अडकत होता आणि मध्येच बंद पडत होता. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि लोकांचे पैसे परत करण्याची तयारी दाखवली. जून २०२१ मध्ये तो परत आला. त्यानंतरही अपडेट येत राहिले. सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर अनेकांनी आपले आधीचे मत बदलले. म्हणून एखादे मत वाचताना ते कोणत्या वर्षीचे आहे आणि कोणत्या यंत्राविषयी आहे, हे अवश्य पाहावे.

आता सुरुवातीच्या मुलाकडे परत येऊ. त्याने काय करावे? नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा व्यापारी काय करतो ते पाहा. तो क्रेटचा वरचा थर पाहून भाव ठरवत नाही. हात घालून खालचा माल वर काढतो. जाहिरात म्हणजे क्रेटचा वरचा थर. खालचा माल पाहायचा असेल तर मत देणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत :

१. तुम्ही हा खेळ स्वतः खेळलात का? किती दिवस?
२. कोणत्या कन्सोलवर खेळलात? कोणता अपडेट घेतल्यानंतर?
३. तुम्हांला काय आवडले नाही, ते नेमके सांगाल का?
४. ही खेळातील चूक आहे की केवळ तुमची आवड?

चौथा प्रश्न महत्त्वाचा आहे. "खेळ दर दहा मिनिटांनी बंद पडतो," हे तपासून पाहता येते. "मला राजपुत्राचा पोशाख आवडला नाही," ही आवड आहे. दोन्ही बोलण्याचा हक्क सर्वांना आहे, पण दोन्हींचे वजन सारखे नाही. खोक्यावर लिहिलेली वयाची अटही वाचावी आणि खरेदीपूर्वी घरातील मोठ्यांना विचारावे.

शेवटी एका शब्दाविषयी. 'तकरार' हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहे. उर्दूत त्याचा अर्थ भांडण किंवा वाद असा होतो. मराठीत तोच शब्द 'तक्रार' म्हणून आला आणि त्याचा अर्थ झाला गाऱ्हाणे, म्हणजे उर्दूतील 'शिकायत'. शब्द एकच, पण अर्थ वेगळे. खेळणाऱ्यांच्या बोलण्याचेही तसेच आहे. कारण सांगितले आणि पुरावा दिला, तर ती मराठीतील तक्रार होते आणि तिने खेळ सुधारतो. नुसता आवाज चढवला, तर ती उर्दूतील तकरार होते आणि तिने कोणाचेच भले होत नाही.

आपल्याला यांपैकी कोणती करायची आहे, हे बोलण्यापूर्वीच ठरवावे. ही गोष्ट खेळापुरतीच नाही. दुकानात, एसटीत, ग्रामपंचायतीत आणि शाळेतही ती तितकीच खरी आहे.

स्वाध्याय

१. जुन्या काळची कॅसेट आणि आजचे कन्सोल यांतील मुख्य फरक कोणता?
२. २०१३ साली खेळणाऱ्यांनी कोणत्या दोन नियमांवर आक्षेप घेतला? त्याचा परिणाम काय झाला?
३. 'जाहिरात म्हणजे क्रेटचा वरचा थर' याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. उर्दू आणि मराठीत दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे असे आणखी शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुम्ही खेळलेल्या कोणत्याही एका खेळाविषयी पाच वाक्ये लिहा. त्यांत एक गुण, एक दोष आणि दोषाचा पुरावा असावा.