‘बेरार’ म्हणजे नेमकं कोणतं गाव? जुन्या कागदांवरच्या या नावाचा अर्थ, उच्चार आणि वापर

जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या काळातले दाखले शोधायला निघालात, की एक नाव हमखास समोर येतं. शाळा सोडल्याचा दाखला असो की जुनं खरेदीखत, इंग्रजी मजकुरात गावापुढे तालुका अकोट, जिल्हा अकोला आणि त्याही पुढे ‘बेरार’. तेल्हारा पूर्वी अकोट तालुक्यात होतं, त्यामुळे तालुक्याचं नाव जुळत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. पण हे बेरार काय? गाव नाही, तालुका नाही. बेरार म्हणजे आपला वऱ्हाडच.

मग ‘वऱ्हाड’चं ‘बेरार’ झालं कसं? दोष इंग्रजांना दिला जातो, पण तो पूर्ण त्यांचा नाही. त्यांच्या आधी मोगलांच्या फारसी दफ्तरात हे नाव ‘बरार’ असंच लिहिलं जायचं. उत्तरेकडच्या बोलींत ‘व’चा ‘ब’ सहज होतो. वनाचं बन होतं तसा. ‘ऱ्ह’ हा जोडध्वनी मराठीबाहेरच्या माणसाला जड जातो, म्हणून ‘ह’ गळाला. उरला शेवटचा ‘ड’. दोन स्वरांमध्ये किंवा शब्दाच्या शेवटी आपण ‘ड’ जीभ झटकून उच्चारतो आणि परक्या कानाला तो ‘र’ वाटतो. मारवाडचं इंग्रजीत मारवार झालं, ते यामुळेच.

कऱ्हाडशी तुलना करून बघा. तिथेही इंग्रजीत ‘ह’ गेला, पण ‘ड’ टिकला आणि ‘कराड’ झालं. वऱ्हाडचं नाव मात्र फारसीतून फिरून इंग्रजीत गेलं, म्हणून जास्त झिजलं.

हाच ‘ड’ आणि ‘र’चा घोळ तेल्हाऱ्याच्याही वाट्याला आलाय. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत तेल्हारा शोधलं, तर बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातलं प्राचीन बौद्ध विहाराचे अवशेष असलेलं गाव पुढे येतं. त्याचं हिंदी नाव तेल्हाडा. इंग्रजी स्पेलिंग मात्र तेच. शोधताना सोबत अकोला लिहिलं, की आपलं तेल्हारा सापडतं.

अर्थ काय?

यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त या सुभ्याचं मूळ नाव ‘वरदातट’ दिलं आहे, म्हणजे वरदा (वर्धा) नदीचा काठ. दुसरीकडे, लग्नाला निघालेलं वऱ्हाड आणि रुक्मिणीची कथा जोडून नावाचा अर्थ सांगणारे गावोगावी भेटतात. ती गोष्ट गोड आहे, पण तिला पुरावा म्हणता येणार नाही.

उच्चार कसा करायचा? इंग्रजी बोलताना जोर ‘रार’वर द्यायचा, लंडनकडचा माणूस शेवटचा ‘र’ जवळपास गिळतो. मराठीत बोलताना, लिहिताना सरळ वऱ्हाड म्हणावं. घरचं नाव असताना परक्याच्या तोंडून झिजलेलं नाव कशाला?

अर्थात, कागदावर जे नाव आहे ते तसंच ठेवायचं. ते कसं आलं, हेही माहीत असलेलं बरं. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला आणि दफ्तरात ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असं लांबलचक नाव आलं. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर हा मुलूख कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला गेला आणि पुढच्याच वर्षी मध्यप्रांताला जोडला गेला. म्हणून नंतरच्या कागदांवर ‘सी. पी. अँड बेरार’ दिसतं; मराठी कागदावर तेच ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’. गंमत म्हणजे कारभार इंग्रजांचा असताना 1936 मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. नाव त्यांच्याकडे, मुलूख यांच्याकडे!

1905 च्या आधीचा कागद असेल, तर जिल्ह्याचं नावही वेगळं निघू शकतं. एलिचपूर (अचलपूर) जिल्हा त्या वर्षी अमरावतीत गेला, बासिम (वाशीम) अकोल्यात, आणि वुन (वणी) जिल्ह्याचं यवतमाळ झालं. अमरावतीचं स्पेलिंग जुन्या कागदात ‘अमरावती’ऐवजी ‘अमरावटी’ किंवा ‘उमरावती’ वाचलं जाईल असंही सापडतं. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे, तर अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे पुरावे लागतात, म्हणजे शोध बहुतेकदा याच जुन्या नावांच्या काळात जातो. अर्जात किंवा शपथपत्रात मूळ कागदावरचं नाव आहे तसं उतरवावं आणि पुढे आजचं गाव, तालुका, जिल्हा लिहावा. परस्पर ‘दुरुस्त’ केलेलं स्पेलिंग मूळ कागदाशी जुळत नाही.

आणखी एक गल्लत नेहमी होते. बेरार म्हणजे अख्खा विदर्भ नव्हे. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम, एवढाच वऱ्हाड. नागपूर, भंडारा, चंद्रपूर त्यात नव्हते. वर्धा नदी ओलांडली, की वऱ्हाड संपला.

बेरार अजून पुरतं पुसलेलं नाही. अकोल्यात बेरार जनरल एज्युकेशन सोसायटी आहे. आणि आपल्याकडच्या शेळीची जात सरकारी नोंदीत आजही ‘बेरारी’च आहे.