न्यूमोनिया आणि स्त्री-पुरुषांच्या रक्तातील भेद

न्यूमोनिया हा फुप्फुसांचा रोग, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. जंतूंनी वायुकोशांत शिरकाव केला की, त्यांच्याशी चाललेल्या झुंजीचे पडसाद सर्व शरीरातील रक्तात उमटतात. ही झुंज स्त्रियांच्या व पुरुषांच्या शरीरात अगदी एकाच रीतीने होत नाही, असे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे.

संरक्षणाची दोन साधने

जंतूंची चाहूल लागताच संरक्षक पेशी काही प्रथिने रक्तात सोडतात. ‘इंटरल्यूकिन-६’ हे त्यांपैकी एक होय. ताप येणे, श्वेतपेशी रोगस्थानी धावून जाणे, ही कार्ये अशा प्रथिनांच्या संदेशाने घडतात. याच संदेशाने रक्त गोठविणारी यंत्रणाही जागी होते. फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे विणले जाते व त्यात जंतू अडकतात. हे गोठणे हाताबाहेर जाऊ नये म्हणून ‘अँटीथ्रॉम्बिन’ हे प्रथिन त्याला आवर घालते. पुढे जाळे विरघळते, तेव्हा त्याचे ‘डी-डायमर’ नावाचे तुकडे रक्तात सापडतात. हा समतोल ढळला, तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि फुप्फुसांबरोबर मूत्रपिंडे व हृदय यांनाही इजा पोहोचते.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील २८ रुग्णालयांत २००१ ते २००३ या काळात दाखल झालेल्या न्यूमोनियाच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. त्यातील स्त्री-पुरुषांविषयीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात पुरुषांपैकी सुमारे २१ टक्के, तर स्त्रियांपैकी सुमारे १६ टक्के रुग्ण दगावले. वय, धूम्रपान, जुने विकार व उपचार यांचा हिशेब केल्यानंतरही हा फरक पुरता नाहीसा झाला नाही. दाखल होतानाच पुरुषांच्या रक्तात दाहकारक प्रथिने व डी-डायमर यांचे प्रमाण अधिक, तर अँटीथ्रॉम्बिनचे प्रमाण कमी आढळले होते.

कोविडच्या साथीत या विषयाला नवा पुरावा मिळाला. विषाणूंना रोखणाऱ्या ‘इंटरफेरॉन’ या प्रथिनांना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे काही रुग्णांच्या शरीरात आढळली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात गंभीर न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांत ती होती. या १०१ जणांपैकी ९५ पुरुष होते.

या भेदामागे संप्रेरके व गुणसूत्रे या दोहोंचा हात असल्याचे मानले जाते. संरक्षणाशी संबंधित अनेक जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि स्त्रियांमध्ये ही गुणसूत्रे दोन असतात. तथापि हे सारे निष्कर्ष समूहाच्या सरासरीचे आहेत. एखाद्या स्त्रीला धोका कमी, असा त्यांचा अर्थ नव्हे. गरोदरपणात व बाळंतपणानंतर तर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. अशा वेळी न्यूमोनियाकडे अधिक काळजीपूर्वक पाहावे लागते.

निसर्ग आणि समाज

निसर्गाचा कौल असा काहीसा स्त्रियांच्या बाजूने असताना भारतातील बालमृत्यूंचे चित्र निराळे दिसले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, एक महिना ते पाच वर्षे या वयोगटात मुलींचा मृत्युदर मुलांपेक्षा अधिक होता. मध्य भारतातील मुलींचा न्यूमोनियाने होणारा मृत्युदर दक्षिण भारतातील मुलांच्या सुमारे पाचपट आढळला. एवढ्या मोठ्या तफावतीचे कारण रक्तातील प्रथिनांत शोधून सापडणार नाही. पोषण, लसीकरण आणि दवाखान्यात नेण्याची तत्परता यांतच ते शोधावे लागेल.

गावपातळीवरील कर्तव्य

दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बालकाचा श्वास मिनिटाला ५० वा अधिक, अथवा एक ते पाच वर्षांच्या बालकाचा ४० वा अधिक असेल, तर ते न्यूमोनियाचे लक्षण समजावे. छाती आत ओढली जात असेल किंवा बालक दूध घेत नसेल, तर क्षणाचाही विलंब न करता त्याला दवाखान्यात न्यावे. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात समाविष्ट झालेली न्यूमोकोकल लस मुलामुलींना सारख्याच कटाक्षाने दिली जाते की नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. वयस्क पुरुष न्यूमोनियातून बरा होऊन घरी परतला, तरी पुढील वर्षभर त्याच्या प्रकृतीची विचारपूस होत राहावी. विडी-तंबाखू सोडण्यास त्याला साहाय्य करावे.

शरीरांतील भेद ओळखून उपचार अधिक अचूक करणे, हे वैद्यकाचे काम आहे. उपचारांपर्यंत पोहोचण्यात मुलगा-मुलगी असा भेद राहू न देणे, हे मात्र आपणा सर्वांचे काम आहे.