टीव्हीच्या टेपमधून आलेले ४४,१०० ठोके

नेटवर्क स्ट्रीमरचं झाकण काढलं (वॉरंटी संपल्यावरच काढावं) तर आत फारसं काही दिसत नाही. एक प्रोसेसर, वाय-फायची छोटी पट्टी आणि आकड्यांचा आवाज करणारी, डॅक नावाची नखाएवढी चिप. चांगल्या यंत्रात या चिपशेजारी चार-पाच मिलिमीटरच्या दोन चकचकीत डब्या बसवलेल्या असतात. त्या आहेत दोन घड्याळं. एक २२.५७९२ मेगाहर्ट्झचं, दुसरं २४.५७६ मेगाहर्ट्झचं. म्हणजे पहिल्या डबीतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला २ कोटी २५ लाख ७९ हजार २०० वेळा थरथरतो. या आकड्याला ५१२ ने भागा, ४४,१०० उरतात. दुसऱ्याला भागलं की बरोबर ४८,०००.

घरात आपण जे काही डिजिटल संगीत ऐकतो, ते जवळजवळ सगळं या दोन आकड्यांवर किंवा त्यांच्या पटींवर चालतं. ४८,००० हा सिनेमा-टीव्हीवाल्यांचा आकडा. ४४,१०० सीडीचा. १९८२ साली सोनी आणि फिलिप्सनं सीडी बाजारात आणली तेव्हा आवाजाची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची असं ठरलेलं होतं. माणसाच्या कानाची धाव फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत. क्लॉड शॅनननं १९४९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजमाप घेतलं, की त्या मर्यादेतली लाट पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते. दोन मोजमापांच्या मधलं काहीही हरवत नाही. हे पहिल्यांदा वाचल्यावर पटत नाही, पण गणित पक्कं आहे.

तरी ४०,००० च्या वर नेमके ४४,१००च का? याचं उत्तर ध्वनिशास्त्रात सापडत नाही, टीव्हीत सापडतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इतके आकडे मावतील असं हाताशी असलेलं साधन म्हणजे व्हिडिओ टेप. मग आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात चित्राच्या ओळींवर लिहायचे, एका ओळीवर तीन मोजमापं. अमेरिका-जपानच्या पद्धतीत कामाला येणाऱ्या ओळी २४५, सेकंदाला ६० फेऱ्या. युरोपात ओळी २९४, फेऱ्या ५०. दोन्ही गुणाकार करून पाहा. उत्तर एकच येतं! शिवाय हा आकडा म्हणजे २१० चा वर्ग, हा त्यातल्या त्यात गणितप्रेमींसाठी प्रसाद. व्हिडिओ टेप कधीच्या भंगारात गेल्या, पण त्यांचा ठोका आजही आपल्या दिवाणखान्यात पडतो आहे.

आता गाण्याचा प्रवास बघू. नेटवर्क स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरून किंवा घरातल्या हार्ड डिस्कवरून गाणं उचलून अ‍ॅम्प्लिफायरला देणारी पेटी. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची १६-१६ बिटांची मोजमापं, सेकंदाला १४,११,२०० बिट. फ्लॅक नावाच्या पद्धतीनं एकही बिट न गमावता ते निम्म्या-पाऊणपर्यंत आवळता येतं. पण समजा, न आवळता पाठवलं, तर नेटवर्कवर एका सेकंदाच्या गाण्याचे साधारण १२० तुकडे होतात. ते वेगवेगळ्या रस्त्यांनी येऊ शकतात, मागचा पुढे पोचतो, एखादा वाटेतच गळतो. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि पडताळणीची बेरीज असते. हरवलेला तुकडा स्ट्रीमर पुन्हा मागवून घेतो, सगळे ओळीनं लावतो आणि स्मृतीत साठवतो. गच्चीवरच्या टाकीचंच काम हे. नळाला पाणी सकाळी तासभर येतं, कधी धो धो, कधी करंगळीएवढं. घरातल्या नळाला त्याचा पत्ताही नसतो.

यातून एक गोष्ट निघते, जी विक्रेत्यांना फारशी आवडत नाही. टाकीपर्यंत पोचलेले बिट १४९ डॉलरला बाजारात आलेल्या वीम प्रोमध्ये जे असतात, तेच ग्लासगोच्या लिन कंपनीच्या, तीस हजार पौंडांना बाजारात आलेल्या क्लायमॅक्स डीएसएममध्ये असतात. महागड्या लॅनच्या वायरीनं त्यात तसूभरही भर पडत नाही. फरक पडतो तो टाकीच्या पुढे: ठोका किती नियमित आहे, आणि आकड्यांचे व्होल्ट किती निगुतीनं होतात.

ही निगुती किती बारीक असते पाहा. घरच्या यंत्रांचं आउटपुट साधारण २ व्होल्ट, तेही सरासरी (आरएमएस); टोकापासून टोकापर्यंत लाट त्याच्या जवळजवळ तिप्पट. १६ बिटांत त्या लाटेच्या ६५,५३६ पायऱ्या होतात, एकेक पायरी ८६ मायक्रोव्होल्टची. २४ बिटांत पायऱ्या १ कोटी ६७ लाखांहून जास्त, आणि पायरी मायक्रोव्होल्टच्या एक तृतीयांश. हजार ओहमच्या साध्या रेझिस्टरमध्ये नुसत्या खोलीच्या उबेनं इलेक्ट्रॉनांची जी खळबळ चालते, ती या पायरीहून मोठी भरते. म्हणून खोक्यावर २४ बिट लिहिलेलं कोणतंही यंत्र शेवटच्या पायरीपर्यंत पोचत नाही. आजची स्वस्त यंत्रंही १६ बिटांची हद्द आरामात ओलांडतात, आणि कानाला त्यापुढची गरज क्वचितच पडते. तीस हजार पौंडांत घडणावळ असते, कारागिरी असते, लिननं स्वतः रचलेला डॅक असतो. पैशांच्या पटीत आवाज वाढतो म्हणाल, तर मला ते मान्य नाही.

ठोक्याची खरी गंमत दोन खोल्यांत एकच गाणं लावल्यावर कळते. दोन स्फटिकांत दहा लाखांत पन्नासाचा फरक असणं अगदी सामान्य. तेवढ्यानं दर मिनिटाला ३ मिलिसेकंदांची तफावत पडते. दहा मिनिटांत ती ३० मिलिसेकंद होते, आणि स्वयंपाकघरातला आवाज हॉलमधल्या आवाजाचा प्रतिध्वनी वाटू लागतो. म्हणून एक पेटी म्होरक्या होते आणि बाकीच्या सतत तिच्याशी वेळ जुळवत राहतात. ब्लूसाउंड कंपनीच्या ब्लूओएस या प्रणालीत अशा ६४ पेट्या एका सुरात बांधता येतात. एवढ्या खोल्या कोणाकडे असतात, देव जाणे.

मग स्ट्रीमर निवडताना तुलना करायची कशाची? माझ्या मते सॉफ्टवेअरची, आणि त्याच्या आयुष्याची. गुगलचं क्रोमकास्ट ऑडिओ हे ३५ डॉलरचं छोटंसं यंत्र २०१९ मध्ये बाजारातून गेलं, तरी घरोघरी वाजत होतं. मार्च २०२५ मध्ये ते एकाएकी रुसलं. स्फटिक ठणठणीत होता, मुदत संपली होती ती आतल्या दहा वर्षांच्या डिजिटल प्रमाणपत्राची. गुगलनं दुरुस्ती पाठवली म्हणून निभावलं. उलट लॉजिटेकनं २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स या आपल्या स्ट्रीमरचा गाशा गुंडाळला, पण त्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्त स्रोत होतं. ते आज लिरियन या नावानं हौशी लोक चालवतात आणि वीस वर्षांपूर्वीच्या पेट्या अजून गातात. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर डॅकची पाटी बसवून घरी स्ट्रीमर करणाऱ्यांचं बळ हेच मुक्त सॉफ्टवेअर. पायच्या स्वतःच्या घड्याळाला ४४,१०० नं पूर्ण भाग जात नाही, म्हणून अशा पाट्या करणाऱ्या हायफायबेरीच्या वरच्या दर्जाच्या पाट्यांवर त्या दोन डब्या वेगळ्या दिलेल्या असतात.

परदेशी परीक्षणं वाचताना टायडल आणि कोबझ या संगीत-सेवांसाठी दिलेले गुण वजा करा, त्या भारतात अधिकृतपणे नाहीत. अ‍ॅपल म्युझिक २०२१ पासून जादा पैसे न घेता लॉसलेस, म्हणजे बिट न गमावलेलं, संगीत देतं, पण बहुतेक स्ट्रीमर ते थेट वाजवत नाहीत, फोनवरून पाठवावं लागतं.

आपल्या संगीताला दोन गोष्टी जास्त बोचतात. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आणि द्रुत हे वेगळे ट्रॅक असतात, मध्ये आवाज मात्र सलग. स्ट्रीमर अखंड वाजवत नसेल तर ऐन समेवर उचकी लागते. तेच यंत्र गाणं एका मार्गानं आलं तर अखंड वाजवतं आणि दुसऱ्या मार्गानं आलं तर अडखळतं, असंही होतं. दुसरी गोष्ट नोंदींची. फ्लॅकमध्ये हव्या त्या नावाचा रकाना जोडता येतो, तोही देवनागरीत: राग, ताल, तबल्यावर कोण. पण बहुतेक अ‍ॅपना कलाकार, अल्बम आणि संगीतकार यांपलीकडचं जग ठाऊक नाही, त्यामुळे भीमपलास मुकाट्यानं जॉनरच्या रकान्यात कोंबावा लागतो.

दुकानात जाल तेव्हा आपल्याच दोन फ्लॅक फाइली पेनड्राइव्हवर न्या: सलग मैफलीचे दोन ट्रॅक, नावं देवनागरीत. जोड ऐका, पडद्यावर जोडाक्षरं नीट उमटतात का पाहा, आणि अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. घरी चांगला डॅक आधीच असेल तर डिजिटल आउटपुटचा स्वस्तातला स्ट्रीमर पुरतो. उरलेले पैसे स्पीकरमध्ये घाला.