‘ब्रँडीची बाटली’ संग्राहकांना का हवी?

मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे ही नावे एकत्र आली की मराठी रसिकांना आधी आठवतो तो १९३८ चा ‘ब्रह्मचारी’. मीनाक्षी यांच्या त्यातील पोहण्याच्या पोशाखाची चर्चा अजूनही होते. या गाजावाज्यात दोघांचा पुढच्याच वर्षीचा ‘ब्रँडीची बाटली’ काहीसा झाकोळला गेला. जुन्या चित्रपटांच्या संग्राहकांना मात्र अशाच विस्मृतीत गेलेल्या विनोदपटांची ओढ असते.

कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सची ही निर्मिती. म्युनिसिपालिटीतील बुजरा कारकून बगाराम मालतीवर लुब्ध असतो. तिच्या आजारी भावासाठी ब्रँडी हवी असते आणि दारूशी कधी संबंध न आलेला बगाराम ती मिळवायला बाहेर पडतो. मुंबईत १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी लागू झाली, त्याच वर्षीचा हा चित्रपट. त्यामुळे त्यात काळाची नाडीही सापडते. बगाराम साकारला दामूअण्णा मालवणकर यांनी. आपल्या तिरळ्या नजरेलाच त्यांनी विनोदाचे हत्यार बनवले.

कागद उरला, फिल्म गेली

त्या काळी चित्रपट नायट्रेट फिल्मवर निघत. ही फिल्म चटकन पेट घेते आणि डब्यात बंद असली तरी कालांतराने कुजते. चांदी काढण्यासाठीही अनेक जुन्या प्रती मोडीत गेल्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला लागलेल्या आगीत अनेक दुर्मीळ रिळे नष्ट झाली.

म्हणूनच संग्राहक चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या पुस्तिका, पोस्टरे आणि ७८ गतीच्या तबकड्या शोधतात. पुस्तिकेत कलावंतांची नावे, गाणी आणि अर्ध्यावर सोडलेले कथानक असे. अनेक हरवलेल्या चित्रपटांचा तेवढाच पुरावा उरला आहे. विनोदपटाची अडचण आणखी वेगळी. गाणे कागदावर टिकते, पण दामूअण्णांची नजर आणि संवादापूर्वीचा क्षणभराचा थांबा पडद्यावरच टिकतो. त्यामुळे चालत्या चित्राच्या प्रतीचे मोल सर्वाधिक.

जवळा बाजार असो वा पुणे, आजोबांच्या ट्रंकेतील अशी पुस्तिका रद्दीत घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय फिल्मबरोबरच पुस्तिका, पोस्टरे आणि छायाचित्रेही जतन करते. रद्दीच्या भावात गेलेले पान मात्र पुन्हा मिळत नाही.