स्वतःच्या तालुक्याचा पाठ : कारंजा (घाडगे)

भूगोलाचा आरंभ बालकाच्या परिसरापासून व्हावा, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु नद्या व गावे यांची नावे पाठ करविल्याने ते साध्य होत नाही. ‘असे का?’ हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उभा राहिला पाहिजे. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील कारंजा (घाडगे) तालुका त्यासाठी उत्तम उदाहरण आहे.

हा प्रदेश सातपुड्याच्या फाट्यांनी व्यापलेला आहे. गरमसूरचा डोंगर याच पट्ट्यात येतो. पावसाच्या पाण्याबरोबर उतारावरील माती वाहून खोऱ्यात साठते. म्हणून टेकडीवर बरड आणि खाली काळी कसदार जमीन आढळते. बरडावर गवत, व गवतावर गुरे. हलक्या अंगाची, चपळ अशी गवळाऊ जात या भागाचे भूषण होय. हेटीकुंडी येथे तिचे सरकारी पैदास प्रक्षेत्र आहे. संत्र्याच्या मुळाशी पाणी तुंबलेले चालत नाही. म्हणून बागेसाठी निचऱ्याची जमीन निवडतात.

आता इतिहास पाहू. नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1853 मध्ये इंग्रजांनी खालसा केले. 1861 मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला व 1862 मध्ये नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. कारंजा तेव्हा आर्वी तहसिलीत होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. पुढे आर्वीतून कारंजा हा स्वतंत्र तालुका झाला. गाव जागचे हलले नाही. हलल्या त्या नकाशावरील रेषा.

मनुष्याने आखलेल्या रेषा बदलतात, पाण्याची वाट मात्र उतार ठरवितो. याच डोंगराळ पट्ट्यातून निघालेली धाम नदी महाकाळीच्या जलाशयात अडविली आहे. त्या पाण्यावर वर्धा शहराची तहान भागते. हीच नदी पुढे पवनारवरून वाहते. विनोबांच्या ‘परमधाम’ आश्रमाच्या नावात तिचेच नाव आहे. वरच्या उतारावरील झाडे तुटली, तर माती सुटते व खालचा जलाशय गाळाने भरतो. अर्थात येथील रहिवाशांचे कर्तव्य तालुक्याच्या सीमेपाशी संपत नाही.

शिक्षकांनी पहिल्या पावसानंतर विद्यार्थ्यांना जवळच्या नाल्यावर न्यावे. गढूळ पाणी भांड्यात भरून स्थिर ठेवावे व तळाशी बसलेली माती दाखवावी. ती कोणाच्या शेतातून आली, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीच सोडवावा.