गडहिंग्लज : हद्दीवरची बाजारपेठ

हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगवते, आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वराला जाते. म्हणजे महाराष्ट्रातून कर्नाटकात. हा मुलूख पूर्वीपासून हद्दीचाच. गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीच्या खिंडीत 24 फेब्रुवारी 1674 रोजी सरनोबत प्रतापराव गुजर आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले.

त्या मानाने याच तालुक्यातल्या सामानगड किल्ल्याची आठवण फारशी निघत नाही, आणि ती निघायला हवी. कोल्हापूर संस्थानच्या नव्या कारभारात गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनींवर गदा आली. 1844 मध्ये ते इथेच प्रथम उठले, गडाचे दरवाजे बंद करून बसले. बंड पुढे भुदरगडापर्यंत पसरलं. ते मोडायला इंग्रजांना तोफा आणाव्या लागल्या.

1949 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे गेला, त्यातला चंदगड मात्र कोल्हापूरला जोडला गेला. संकेश्वर पलीकडे राहिलं, पण त्याच्या नावाची लांबट, सुरकुतलेली, झणझणीत मिरची गडहिंग्लजच्या बाजारात आजही येते. हलकर्णी, नूल भागात मराठीइतकीच कन्नडही घराघरांत बोलली जाते.